चार मीटरच्या गँगवेत फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारे कामगार: जमिनीवरील आखणी कशी असावी?

प्रश्न: उत्पादन अभियंता, चाकण

नमस्कार. आमचा कारखाना चाकण औद्योगिक क्षेत्रात असून तेथे वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग तयार होतात. प्रेस शॉप, वेल्डिंग, स्टोअर्स आणि डिस्पॅच हे चारही विभाग एकाच शेडखाली आहेत. त्यांना जोडणारा मुख्य गँगवे (ये-जा करण्याचा मार्ग) भिंतीपासून मशीनच्या रांगेपर्यंत मोजला तर जेमतेम चार मीटर भरतो. याच गँगवेतून तीन टनी दोन फोर्कलिफ्ट आणि पॅलेट (माल रचण्याच्या चौकटी) वाहून नेणारा बॅटरीवरचा एक पॅलेट ट्रक दोन्ही दिशांनी ये-जा करतात, आणि शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत सर्व कामगारही याच वाटेने कँटीनकडे जातात.

मध्यंतरी स्टोअर्सच्या शटरमधून एक हेल्पर गेजची पेटी घेऊन बाहेर पडला आणि त्याच वेळी रिकामे बिन घेऊन येणारी फोर्कलिफ्ट त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. इजा कोणालाच झाली नाही, परंतु घटनेची नोंद ‘नियर मिस’ (थोडक्यात टळलेला अपघात) म्हणून झाली आणि व्यवस्थापनाने संपूर्ण शॉप फ्लोअरची नव्याने आखणी करण्यास मंजुरी दिली. जुने पिवळे पट्टे बहुतेक ठिकाणी घासून गेले आहेत, आणि जेथे ते शिल्लक आहेत तेथेही कामगार पट्ट्याच्या आतून चालतातच असे नाही.

पट्ट्यांची रुंदी व रंग यांबाबत कायदेशीर बंधन कोणते आहे, पादचारी मार्ग पूर्ण हिरवा रंगवावा की केवळ कडा आखाव्यात, इपॉक्सी (कडक होणारा रेझीनचा रंग) वापरावे की टेप, आणि मुळात एवढ्या अरुंद जागेत केवळ आखणीने सुरक्षितता साधते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १: निवृत्त सुरक्षा अधिकारी, नाशिक

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. रंगाचा पट्टा फोर्कलिफ्टला थांबवू शकत नाही. माणसाने कोठून चालायचे आणि वाहनाने कोठवर यायचे, हे आधी ठरलेले असेल तरच तो पट्टा ते सर्वांना दाखवून देतो. बहुतेक कारखान्यांत क्रम उलटा असतो. ग्राहकाचे ऑडिट जवळ आले की पेंटर बोलावला जातो, जुन्या पट्ट्यांवरूनच नवा रंग फिरवला जातो आणि पंधरा दिवसांत त्याच पट्ट्यांवर पुन्हा पॅलेट उभे राहतात.

कायद्याबाबत सांगायचे तर, कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ नुसार जमीन, जिने, वाटा आणि गँगवे भक्कम बांधणीचे व सुस्थितीत असले पाहिजेत, तसेच ते अडथळ्यांपासून आणि पाय घसरेल अशा पदार्थांपासून मुक्त ठेवले पाहिजेत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा अधिनियम सामावून घेतला असला तरी ही जबाबदारी कारखानदारावरच आहे. कलम ३२ मध्ये पट्ट्याचा रंग किंवा रुंदी दिलेली नाही. सुरक्षेसाठीच्या रंगांचे आणि चिन्हांचे संकेत आयएस ९४५७ या भारतीय मानकात मिळतात. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या ओशा या यंत्रणेचा नियमही, कायमस्वरूपी मार्ग योग्य रीतीने चिन्हांकित असावेत, एवढेच सांगतो. त्यावरील १९७२ च्या स्पष्टीकरणात पट्टा २ ते ६ इंच रुंद असावा आणि मार्ग सर्वांत मोठ्या वाहनापेक्षा किमान ३ फूट अधिक रुंद असावा, असे म्हटले आहे. आपण १०० मिलिमीटरचा पिवळा पट्टा धरून चालावे. अग्निशामक उपकरणांपुढील जागा लाल चौकटीत राखावी आणि विजेच्या पॅनेलपुढे किमान एक मीटर जागा मोकळी राहील, याची काळजी घ्यावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मंजूर केलेल्या नकाशात गँगवे कसा दाखवला आहे, हेही एकदा पाहून घ्यावे, कारण अनेकदा नकाशातील गँगवे प्रत्यक्षात मशीनखाली गेलेला असतो.

आता मूळ मुद्दा. रंग आणण्यापूर्वी शेडचा मोठा नकाशा घ्यावा आणि मेझनाईनवर (शेडमधील मधल्या मजल्यावर) किंवा एखाद्या उंच जागी उभे राहून तिन्ही शिफ्टमध्ये माणसे प्रत्यक्षात कोठून चालतात, ते त्यावर पेन्सिलीने काढावे. कामगार पट्ट्याच्या आतून चालत नाहीत, ही तक्रार मी अनेक ठिकाणी ऐकली आहे, आणि नीट पाहिल्यावर बहुधा असे दिसते की पट्टा ज्या वाटेने नेतो ती वाट पाण्याच्या कूलरकडे, स्वच्छतागृहाकडे किंवा हजेरीच्या पंच मशीनकडे जातच नाही. सुट्टीची अर्धी वेळ चालण्यात जाणार असेल तर कोणीही काटकोनात वळसा घालून जाणार नाही. म्हणून शक्य तेथे पट्टा माणसांच्या रुळलेल्या वाटेवर न्यावा. ती वाट धोक्याची असेल तर कूलर किंवा पंच मशीन हलवावे, ते पट्टा हलवण्यापेक्षा स्वस्त पडते.

आपल्या शटरच्या घटनेत दोष पट्ट्यांचा आहे असे मला वाटत नाही. शटरमधून बाहेर टाकलेले पहिलेच पाऊल थेट वाहनाच्या मार्गात पडते, ही तेथील खरी अडचण आहे. अशा ठिकाणी शटरपुढे साधारण एक मीटरवर आडवे रेलिंग बसवावे, म्हणजे बाहेर येणाऱ्याला डावीकडे किंवा उजवीकडे वळूनच पुढे जावे लागेल. रेलिंगच्या टोकाला स्वतःहून बंद होणारे फाटक बसवून ते चालणाऱ्याच्या बाजूला उघडेल असे ठेवावे, कारण फाटक स्वतःकडे ओढावे लागले की माणूस क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात तो बाजूला पाहतो. फाटकापुढे जमिनीवर पावलांचे चिन्ह आणि पलीकडे झेब्रा पट्टे काढावेत. आपल्याकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा अनेक राज्यांतील कंत्राटी कामगार असतील, त्यामुळे मराठी पाटीबरोबर चित्र असणे आवश्यकच आहे.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटे आणि जेवणाच्या सुट्टीच्या सुरुवातीला व शेवटी थोडा वेळ फोर्कलिफ्ट काटे जमिनीवर टेकवून उभ्या ठेवाव्यात. याला पैसा लागत नाही आणि गर्दीच्या वेळचा धोका निघून जातो. उत्पादन विभाग कुरकूर करील, ती सुरक्षा समितीत ऐकून घ्यावी आणि निर्णय कायम ठेवावा.

उत्तर २: फोर्कलिफ्ट प्रशिक्षक, भोसरी

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. फक्त चालकाच्या आसनावरून हीच जागा कशी दिसते ते सांगतो, कारण आखणी करणारे साहेब सहसा त्या आसनावर बसलेले नसतात.

फोर्कलिफ्टची मागची चाके वळतात. चालक डावीकडे वळला की वाहनाचा मागचा भाग, म्हणजे काउंटरवेट, उजवीकडे फेकला जातो. त्यामुळे वळणावर धोका आतल्या बाजूइतकाच बाहेरच्या बाजूलाही असतो, आणि पायी चालणारा माणूस नेमका तेथेच ‘गाडी जाऊ द्या’ म्हणून उभा राहतो. कोपऱ्यावर जमिनीकडे पाहिल्यास टायरचे काळे वळसे दिसतील, परंतु काउंटरवेट त्या वळशांच्याही बाहेर जाते. म्हणून प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या बाजूला पिवळ्या-काळ्या तिरप्या पट्ट्यांचा भाग आखून तो कायम मोकळा ठेवावा. त्याची रुंदी टेपपट्टीने ठरवू नये. पॅलेट उचललेली फोर्कलिफ्ट प्रत्यक्ष वळवून पाहावी आणि मागच्या टोकाबरोबर खडूने रेघ ओढावी.

दुसरी गोष्ट नजरेची. समोर मास्टचे, म्हणजे काटे वर-खाली नेणाऱ्या चौकटीचे, दोन खांब, साखळ्या आणि त्यापुढे भार असतो. बिन उंच असेल तर समोरचे काहीच दिसत नाही आणि वाहन मागे चालवत न्यावे लागते. ताशी १० किलोमीटर हा वेग ऐकायला कमी वाटतो, परंतु त्या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे २.८ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी चार मीटर निघून गेलेले असतात, आणि ब्रेकचे अंतर त्यापुढे सुरू होते. भरलेल्या फोर्कलिफ्टला करकचून ब्रेक लावता येत नाही, कारण भार काट्यांवरून पुढे घसरतो. आपल्या शटरपाशी चालकाला माणूस चार मीटर आधी दिसत नसेल, तर तेथे बहिर्वक्र आरसा लावून आणि हॉर्नची सूचना लिहून भागणार नाही. वाहनासाठीही जमिनीवर थांबण्याची रेषा हवी.

तिसरी गोष्ट फार कोणी लक्षात घेत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात यार्डातून शेडमध्ये शिरताना चालकाच्या डोळ्यांपुढे काही क्षण अंधारी येते आणि त्या वेळी जमिनीवरचा झेब्रा पट्टाही त्याला दिसत नाही. म्हणून मोठ्या शटरला लागून पादचाऱ्यांचे क्रॉसिंग कधीही ठेवू नये. ते आत आठ-दहा मीटरवर न्यावे आणि शटरच्या आतल्या बाजूचे दिवे भर दुपारीही चालू ठेवावेत. वीज वाचवण्यासाठी नेमके तेच दिवे बंद केले जातात.

पूर्ण हिरव्या मार्गाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. रेलिंगच्या आत हिरवा रंग शोभतो आणि उपयोगीही पडतो. परंतु जेथे वाहन रोज त्यावरून जाणार आहे तेथे हिरवा पट्टा दोन महिन्यांत काळा पडतो, आणि त्याआधी तो पादचाऱ्याला खोटा भरवसा देतो की येथे गाडी येणार नाही. तेथे रंग फक्त क्रॉसिंगवर ठेवावा. शिवाय लाल-हिरव्यातील फरक न कळणारे लोक कामगारांतही असतात आणि चालकांतही असतात. त्यामुळे अर्थ केवळ रंगावर सोडू नये. पट्ट्यांचा आकार आणि चिन्ह सोबत असावे. फोर्कलिफ्टवरील, जमिनीवर ठिपका पाडणारा निळा दिवा कोपऱ्यावर चांगले काम करतो, मात्र उन्हाचा कवडसा पडलेल्या जमिनीवर तो दिसत नाही.

उत्तर ३: औद्योगिक फ्लोअरिंगचा व्यावसायिक, पुणे

साहित्याविषयी लिहितो. प्रेस शॉपमधील काँक्रीट वर्षानुवर्षे तेल पिऊन बसलेले असते. त्यावर नुसते घासून-पुसून इपॉक्सी लावले तर ते पापडासारखे सुटते. पट्ट्याची जागा आधी डीग्रीझरने धुवावी, नंतर डायमंड ग्राइंडरने वरचा थर काढावा आणि पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब गोळा होऊन राहिले तर तेल अजून आत आहे आणि पाणी पसरून मुरले तर जागा तयार आहे, असे समजावे. ओलावा तपासण्यासाठी दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून रात्रभर, म्हणजे निदान १६ तास, ठेवावे. सकाळी त्याखाली दव दिसले किंवा काँक्रीट काळपट झाले असेल तर काम पुढे ढकलावे.

विनाइल टेप ही केवळ पायी चालण्याच्या आणि हलक्या ट्रॉलीच्या जागी टिकते. फोर्कलिफ्ट जागच्या जागी चाके वळवते किंवा पॅलेट ओढला जातो, तेथे टेपची कड उचलली जाते आणि तीच कड मग पायात अडकते. आखणी अजून बदलण्याची शक्यता असेल तर मात्र पहिले काही आठवडे मुद्दाम टेपच लावावी आणि वाटा पक्क्या झाल्यावर इपॉक्सी करावे. वळणांवर ग्राइंडरने उथळ खाच काढून त्यात रंग भरल्यास पट्टा जमिनीच्या पातळीत राहतो आणि बराच जास्त टिकतो. पादचारी मार्गाच्या रंगात क्वार्ट्झची बारीक वाळू पसरून घ्यावी, कारण गुळगुळीत इपॉक्सीवर हायड्रॉलिक तेलाचे चार थेंब पडले तरी माणूस घसरतो आणि कलम ३२ चा हेतूच बाजूला राहतो. शटरपाशी ऊन येत असेल तेथे वर पॉलियुरेथेनचा थर द्यावा, अन्यथा इपॉक्सीचा रंग उतरतो.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शटरपुढील रेलिंग आणि शिफ्ट बदलताना फोर्कलिफ्ट थांबवणे, या दोन्ही गोष्टी बैठकीत मान्य झाल्या. मुख्य गँगवेलगत सलग रेलिंग घालण्यास मात्र विरोध आहे, कारण चार मीटरमधून रेलिंगची जागा गेल्यास वाहनांना जागा उरणार नाही, असे उत्पादन विभागाचे म्हणणे आहे. दुसरे असे की कारखान्याला फक्त गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. रंगाचे काम एका सुट्टीत होऊ शकेल का?

उत्तर ४: नियोजन अभियंता, जर्मनी

मी मूळचा पिंपरी-चिंचवडचा असून सध्या येथील कारखान्यांच्या अंतर्गत वाहतुकीच्या नियोजनाचे काम करतो. जर्मनीत वाहतुकीच्या मार्गांसाठी एएसआर ए१.८ हा तांत्रिक नियम वापरला जातो. भारतात तो बंधनकारक नाही, पण त्यातील हिशेब आपल्या बैठकीत उपयोगी पडेल. त्यानुसार फक्त वाहनांचा मार्ग असेल तर वाहन किंवा भार यांपैकी जे रुंद असेल त्याच्या दोन्ही बाजूंना ०.५० मीटर मोकळी जागा धरतात. त्याच मार्गातून माणसेही चालणार असतील तर प्रत्येक बाजूला ०.७५ मीटर धरतात, आणि समोरासमोर वाहने येणार असतील तर मध्ये आणखी ०.४० मीटर लागते.

आपला भार १.२ मीटर रुंद धरू. दोन्ही दिशांची वाहने आणि माणसे एकत्र ठेवायची असल्यास १.२ अधिक १.२, त्यात दोन्ही कडांचे १.५ आणि मधले ०.४ मिळवले की ४.३ मीटर होतात. म्हणजे आज आपण जे करीत आहात ते, रेलिंग असो वा नसो, चार मीटरमध्ये बसतच नाही. याउलट वाहतूक एकेरी केली आणि रेलिंग घातले, तर वाहनाला २.२ मीटर, पादचाऱ्यांना १ मीटर आणि रेलिंगच्या खांबांना सुमारे ०.१५ मीटर लागून एकूण ३.३५ मीटर होतात. उरलेली जागा रेलिंगला धक्का बसून ते वाकले तर माणसापर्यंत पोहोचू नये, यासाठी ठेवावी. थोडक्यात, जागा दुहेरी वाहतूक खात आहे आणि उत्पादन विभाग रेलिंगला दोष देत आहे. परतीचा मार्ग शेडबाहेरून काढता येत असेल तर तो पाहावा. येथे दरवाजे आणि वाहनमार्ग यांमध्ये किमान १ मीटर अंतर ठेवण्याचाही नियम आहे, तो वर सुचवलेल्या शटरपुढील रेलिंगशी जुळतो.

उत्तर ५: औद्योगिक फ्लोअरिंगचा व्यावसायिक, पुणे

एका गुरुवारात नेहमीचे इपॉक्सी करू नये. त्यावर चालण्यासाठी साधारण एक दिवस आणि फोर्कलिफ्ट नेण्यासाठी, उत्पादनाच्या माहितीपत्रकानुसार, तीन ते सात दिवस लागतात. पादचारी मार्ग गुरुवारी करता येतील, पण क्रॉसिंग आणि वळणे दिवाळीच्या सुट्टीसाठी राखावीत. एमएमए नावाचे रेझीन एक-दोन तासांत कडक होते, परंतु ते ज्वालाग्राही असते आणि त्याचा वास उग्र असतो. आपल्या शेडमध्ये वेल्डिंग असल्याने त्या दिवशी ठिणगीचे सर्व काम बंद ठेवून भरपूर वायुवीजन द्यावे लागेल. पावसाळ्यात जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असेल तेव्हाच रंग लावावा, नाहीतर वर चिकट पांढरट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा असते म्हणून आदल्या रात्री घाईने जमीन रंगवून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती आपण टाळावी, एवढेच सुचवतो.

उत्तर ६: फोर्कलिफ्ट प्रशिक्षक, भोसरी

जर्मनीच्या साहेबांचा हिशेब सरळ धावणाऱ्या वाहनासाठी बरोबर आहे, मात्र त्यात एक भर घालावी लागेल. तीन टनी फोर्कलिफ्टला काटकोनात वळून मशीनशेजारी पॅलेट ठेवण्यासाठी सुमारे चार मीटर जागा लागते. रेलिंग घातल्यावर तेवढी जागा राहणार नाही. त्यामुळे मशीनपर्यंतचा पुरवठा फोर्कलिफ्टकडून काढून बॅटरीच्या पॅलेट ट्रककडे द्यावा आणि फोर्कलिफ्टने गँगवेच्या टोकाला, ठरवून दिलेल्या चौकटीतच पॅलेट उतरवावेत. डाय (प्रेसमधील साचा) बदलण्यासाठी फोर्कलिफ्ट आत न्यावीच लागेल. तेवढ्या प्रेसपुढे रेलिंगचे खांब काढता येतील असे सॉकेटमध्ये बसवावेत, आणि डाय बदलण्याचे काम चालू असेपर्यंत पादचारी मार्गाच्या दोन्ही टोकांना साखळी लावून तो भाग बंद ठेवावा. त्या साखळीची जबाबदारी चालकावर न टाकता त्या शिफ्टच्या पर्यवेक्षकाच्या नावाने लिहून ठेवावी.